भरवशाचा भार कोणावर? : मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनासंबंधी एक टिपण

१

‘भरवसा’ या शब्दाकडे मराठी लोकमानसाने नेहमीच काहीशा संशयाने पाहिले आहे. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण ज्याच्यावर विसंबावे तोच ऐन वेळी दगा देतो असे सांगते. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण विसंबणाऱ्यालाच आळशी ठरवते. पहिल्या म्हणीत विश्वासाच्या विषयावर अविश्वास आहे, दुसरीत विश्वास ठेवणाऱ्यावर. अशा भाषेत ‘देव आपली काळजी घेतो, आपल्या गरजा भागवतो’ हे श्रद्धेचे केंद्रस्थान मानणाऱ्या लेखकांनी लिहायचे म्हटले, तर त्यांना प्रथम या दोन म्हणींशी झगडावे लागणार हे उघड आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी ख्रिस्ती लेखकांनी हा झगडा केला. मात्र आपल्या समीक्षेने त्याची नोंद पुरेशी घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

हे टिपण लिहिण्यास एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत असताना रेव्हरंड टिळकांच्या दानशूर आणि बेहिशेबी वृत्तीचा विषय निघाला. वर्ग हसत होता. या पुस्तकाच्या तासाला वर्ग हसतोच. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, टिळकांचा भरवसा देवावर होता, हे कळले. पण टिळकांच्या घराचा भरवसा कोणावर होता?” टिळक कवी होते, मनस्वी होते, व्यवहार त्यांना जमत नव्हता, असे ठरावीक उत्तर मी दिले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळलो. तिचे समाधान झाले नव्हते. माझेही झाले नव्हते. तिचा प्रश्न टिळकांच्या स्वभावासंबंधी नव्हताच. तो श्रद्धेच्या एका संकल्पनेसंबंधी, आणि त्या संकल्पनेचा भार घरात कोण वाहते यासंबंधी होता. त्याचे उशिरा सुचलेले उत्तर येथे मांडत आहे.

२

प्रथम संकल्पनेचा विचार करू. ईश्वरी तरतुदीची ख्रिस्ती कल्पना प्रामुख्याने ज्या शास्त्रवचनांवर उभी आहे, त्यांत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील येशूचे प्रवचन सर्वपरिचित आहे. आकाशातील पाखरे पेरीत नाहीत, कोठारात साठवीत नाहीत, तरी स्वर्गातील पिता त्यांना खाऊ घालतो. म्हणून उद्याची चिंता करू नये, असा त्याचा आशय. त्याच अध्यायात प्रभूची प्रार्थना आहे आणि तिच्यात रोजच्या अन्नाची मागणी आहे. मराठी बायबलने या ठिकाणी ‘भाकर’ हा शब्द योजला, ही साधी गोष्ट नव्हे. येथे ‘अन्न’ हा संस्कृत, सोवळा शब्द चालला असता. ‘भाकर’ म्हणताच मात्र जाते, चूल, तवा आणि पीठ मळणारे हात डोळ्यांसमोर उभे राहतात. प्रार्थना स्वर्गातील पित्याला उद्देशून असली, तरी तिच्यातील नाम स्वयंपाकघरातून आले आहे. मूळ ग्रीक पाठात या भाकरीला लावलेले ‘एपिऊसिओस’ हे विशेषण इतके दुर्मीळ आहे, की त्याचा अर्थ ‘आजची’, ‘उद्याची’ की ‘गरजेपुरती’ याविषयी अभ्यासकांत प्राचीन काळापासून मतभेद आहेत. कोणताही अर्थ घेतला तरी मागणी थोडक्याचीच राहते. पुढील वर्षाचे धान्य कोणी मागत नाही.

हीच मर्यादा जुन्या करारातील मान्न्याच्या कथेत दिसते. अरण्यात इस्राएल लोकांनी दररोज त्या दिवसापुरतेच गोळा करायचे. जास्त ठेवले तर ते नासे. यापेक्षाही आपल्या विषयाला जवळची कथा एलीया संदेष्ट्याची आहे. दुष्काळात देव त्याला सारफथ येथील एका विधवेकडे पाठवतो. तिच्या घरी मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल उरलेले असते. ते रांधून, मुलासह खाऊन मरणाची वाट पाहावी, अशा विचारात ती असते. संदेष्टा तिला सांगतो, आधी मला भाकर करून आण. पुढे दुष्काळ संपेपर्यंत ते पीठ सरत नाही आणि तेल आटत नाही. आपण ही कथा चमत्कारासाठी लक्षात ठेवतो. पण तिच्यातील व्यवस्था पाहिली, तर ईश्वराची तरतूद संदेष्ट्यापर्यंत पोहोचते ती एका दरिद्री बाईच्या चुलीवरून. भरवशाची पहिली आणि कठीण कृती तीच करते, कारण शेवटची मूठ तिच्या हातात आहे.

या कल्पनेला ‘दैववाद’ म्हणून बाजूस सारण्याची घाई आपल्याकडे होते. दैव, प्रारब्ध, नशीब या शब्दांनी सूचित होणारी शक्ती निर्वैयक्तिक असते. तिच्यापाशी मागता येत नाही, तिच्यावर रुसता येत नाही. ख्रिस्ती भरवसा हा एका व्यक्तीशी, ‘पित्या’शी, असलेला संबंध आहे. त्यात मागणे, वाट पाहणे आणि तक्रार करणे या तिन्ही गोष्टींना जागा आहे. मराठी वाचकाला हा संबंध अपरिचित नाही. भक्तांचा योगक्षेम आपण वाहतो हे भगवद्गीतेतील आश्वासन आणि जनाबाईबरोबर दळू लागणारा विठ्ठल या दोन्हींत तो आहे. म्हणूनच ख्रिस्ती लेखकांचा ‘भरवसा’ वाचताना वारकरी परंपरा सतत पार्श्वभूमीला ठेवावी लागते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही टिळकांची भूमिका प्रसिद्धच आहे.

३

आता या भरवशाच्या सामाजिक संदर्भाकडे येऊ. पहिल्या पिढीतील उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या दृष्टीने ‘देव तरतूद करील’ हे आलंकारिक विधान नव्हते. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. १८५० च्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क कागदोपत्री सुरक्षित केला होता. परंतु एकत्र कुटुंब म्हणजे केवळ मिळकतीतील वाटा नव्हे. आजारपणात उशाशी बसणारी माणसे, लग्नकार्यातील हातभार, अडीअडचणीला मिळणारी उसनवारी, मेल्यावर खांदा देणारे चौघे, हे सगळे त्यात येते. कोणताही कायदा ते परत मिळवून देऊ शकत नव्हता. गावगाड्याच्या तळाशी असलेल्या जातींतील माणूस ख्रिस्ती झाला, तर अनेकदा त्याच्या बलुत्याचाच प्रश्न उभा राही. अशा रीतीने धर्मांतराने जी तरतूद हिरावून घेतली, तिची रिकामी जागा ‘देवाची तरतूद’ या शब्दांनी भरायची होती.

व्यवहारात ही जागा पुष्कळदा मिशनने भरली. शाळा, वसतिगृह, नोकरी, दुष्काळातील मदत ही सगळी मिशनची होती. येथेच भरवशाच्या भाषेपुढे मोठी नैतिक अडचण उभी राहिली. ‘पोटासाठी धर्म सोडला’ हा आरोप मराठी समाजाने वारंवार केला, आणि ज्याची भाकर मिशनच्या पगारातून येत होती त्याला तो आरोप खोडून काढणे सोपे नव्हते. देवावर भरवसा आणि पगारावर भरवसा यांतील सीमारेषा कोठे काढायची, हा त्या पिढीचा खरा प्रश्न होता. तो बाहेरच्यांनी विचारला त्याहून अधिक तीव्रतेने काहींनी स्वतःला विचारला असला पाहिजे.

नारायण वामन टिळकांच्या चरित्रातील शेवटचा टप्पा या प्रकाशात वाचावा, असे मला सुचवायचे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि राहुरी येथे त्यांची वर्षे गेली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. या निर्णयाची चर्चा सामान्यतः ख्रिस्ती धर्माच्या भारतीयीकरणाच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजू आर्थिक आहे. देवावरील भरवसा खरा असेल तर तो मिशनच्या पगारापासून वेगळा करून दाखवला पाहिजे, ही निकड त्यात दिसते. पोटासाठी धर्म सोडल्याच्या आरोपाला दिलेले ते कृतिरूप उत्तर होते, असेही म्हणता येईल. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. म्हणजे हा प्रयोग जेमतेम दोन वर्षे चालला.

पण पगार सोडणाऱ्याच्या घरात पगारावर चालणारी एक चूलही असते. विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका येथे येऊन उभा राहतो.

४

हा प्रश्न मराठी साहित्याला नवा नाही. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली अशी परंपरा आहे. उसाच्या मोळीची कथा तर घराघरांत सांगितली जाते. वाटेत भेटणाऱ्या मुलांना ऊस वाटीत तुकोबा घरी आले, तेव्हा हातात एकच कांडे उरले होते, आणि जिजाईने तेच त्यांच्या पाठीत घातले. या कथेत श्रोत्यांच्या हसण्याचा विषय जिजाई असते. कजाग, संसारी, विठ्ठलाला शिव्या देणारी बायको अशी तिची प्रतिमा कीर्तनकारांनी रूढ केली. घरात उपाशी मुले आहेत, ही तिची बाजू आपल्याला ऐकू येते ती तुकोबांच्या आणि चरित्रकारांच्या तोंडून. तिने स्वतः काही लिहून ठेवले नाही. बहिणाबाईंनी आत्मनिवेदन केले, पण तेथे भक्त पत्नी आहे आणि विरोध पतीचा आहे. रमाबाई रानड्यांच्या १९१० मधील आठवणी पत्नीने लिहिलेल्या आहेत, परंतु न्यायमूर्तींच्या घरात उद्याच्या शिध्याचा प्रश्न नव्हता. संतवृत्तीच्या पुरुषाची पत्नी स्वतः लेखणी हातात घेऊन, भरवशाचा घरखर्च कसा चालला हे विस्ताराने सांगते, असे मराठीत ठळकपणे घडले ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये. १९३४ पासून चार भागांत आलेल्या या ग्रंथाचे हे वैशिष्ट्य त्याच्या भाषेइतकेच महत्त्वाचे आहे. जिजाईला न मिळालेली लेखणी लक्ष्मीबाईंना मिळाली, एवढ्यावरच मात्र थांबता येत नाही. लक्ष्मीबाईंनी ती लेखणी कशी वापरली हे पाहिले पाहिजे.

टिळकांचा हात सढळ होता. घरात आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेकडे वळायला वेळ लागत नसे. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे यांनी घर भरलेले असे. घरातून सांगितल्यावाचून निघून जाणे आणि अवचित परत येणे हेही नित्याचे होते. या सगळ्याची हकिकत लक्ष्मीबाई हसत सांगतात. आपल्या समीक्षेने या हसण्याला ‘निर्मळ विनोद’, ‘खेळकरपणा’, ‘प्रसन्न शैली’ अशी प्रशस्तिपत्रे दिली. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. विनोद हा या लेखनात शैलीचा अलंकार म्हणून येत नाही. घरात दोन हिशेब एकाच वेळी चालू असल्यामुळे तो निर्माण होतो. एक हिशेब टिळकांचा: देणारा देव आहे, मग आपण का राखून ठेवावे? दुसरा लक्ष्मीबाईंचा: आज जेवायला माणसे किती आणि डब्यात पीठ किती? पहिला हिशेब खोटा आहे असे त्या कोठेही म्हणत नाहीत. दुसरा क्षुद्र आहे असेही म्हणत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी मांडून ठेवतात आणि त्यांच्यातील अंतर वाचकाला दिसू देतात. त्या अंतराला आपण विनोद म्हणतो.

याचा अर्थ लक्ष्मीबाईंच्या ठिकाणी श्रद्धा कमी होती असा घेतला, तर ती चूक होईल. टिळकांच्या मागे त्यांनी अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या भरवशाचा खर्च आयुष्यभर सोसला, त्याच भरवशाची कथा ओवीत पूर्ण करणारी ही बाई आहे. तिच्या हसण्यात उपहास असता तर हे काम तिच्या हातून झाले नसते. भरवशाला संशयाने पाहणाऱ्या दोन म्हणींचा आरंभी उल्लेख केला. लक्ष्मीबाई भरवशाकडे पूर्ण उघड्या डोळ्यांनी पाहतात, तरी तो सोडत नाहीत. मराठी गद्यात श्रद्धेचा असा प्रौढ आविष्कार फार थोड्या ठिकाणी सापडतो.

टिळकांच्या स्वतःच्या कवितेतही या प्रश्नाची एक खूण आहे. ‘केवढे हे क्रौर्य!’ ही त्यांची कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. तिच्यात घायाळ झालेली पक्षीण कशीबशी घरट्यापर्यंत येते आणि चोचीतला शेवटचा घास पिलांना भरवून प्राण सोडते. प्रवचनातील पाखरांना पिता खाऊ घालतो. या कवितेतील पिलांना त्यांची मरणारी आई खाऊ घालते. कवीने हा विरोध योजून साधला असे म्हणण्यास आधार नाही. पण दोन पाठ शेजारी ठेवले की ईश्वराची तरतूद आणि मातेचे श्रम यांचा संबंध काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

५

‘स्मृतिचित्रे’तील आणखी एका धाग्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांचे सोवळे इतके टोकाचे होते, की बाहेरून आलेले मीठसाखरही धुतल्यावाचून घरात घेत नसत. धुताना जे विरघळून जाई त्याची फिकीर नव्हती. येणाऱ्या प्रत्येक जिनसाविषयी तेथे एकच चिंता असे: हे कोणाच्या हातून आले? पुढे टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर, पंढरपुरास नातेवाइकांकडे राहिल्या. नंतर त्या नगरला आल्या, तरी आरंभी स्वयंपाकपाणी वेगळेच ठेवले. जातिभेद मनुष्यकृत आहे आणि कोणाच्याही हातचे खाण्यास हरकत नाही, हा निर्णय त्यांनी बाप्तिस्म्याच्या आधी स्वतःशीच केला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मधला.

या क्रमाला मी फार महत्त्व देतो. ख्रिस्ती सिद्धांत मान्य होण्यापूर्वी त्यांनी भाकरीचा प्रश्न सोडवला. देव तरतूद करतो असे मानायचे, तर ती तरतूद कोणाच्या हातून येईल यावर अटी घालता येत नाहीत. संदेष्ट्यालाही परक्या देशातील विधवेच्या हातचे खावे लागले. जातिव्यवस्थेत मात्र अन्नाची सगळी व्यवस्था अशा अटींवरच उभी होती. म्हणून मराठी समाजात ‘रोजची भाकर’ मागणे हे केवळ भक्तीचे विधान राहत नाही. ‘कोणाच्याही हातची चालेल’ ही त्यामागची कबुली सामाजिक आहे. मिठाचा खडाही धुणाऱ्या घरातील मुलगी अनाथांनी भरलेल्या पंक्तीत येऊन बसते, हा प्रवास भरवशाच्या संकल्पनेवाचून नीट समजत नाही. धर्मांतराची प्रकरणे ‘मिशनरी भाग’ म्हणून भराभर उलटणारा वाचक नेमका हा धागा हरवून बसतो.

६

या विवेचनात पंडिता रमाबाईंचा विचार आवश्यक आहे, कारण त्यांच्या ठिकाणी टिळकांचा आणि लक्ष्मीबाईंचा हिशेब एकाच व्यक्तीने सांभाळलेला दिसतो. १८७० च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंनी आईवडील आणि बहीण गमावली. पुराणे सांगत, तीर्थे करीत हिंडणाऱ्या त्या कुटुंबाचाही भरवसा देवावरच होता. त्यामुळे ‘देव अन्न देतो’ हे वाक्य रमाबाईंच्या तोंडी कधीही सहज येणार नव्हते. ते खोटे ठरलेले त्यांनी पाहिले होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदा सदन अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या हमीवर उभे होते. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. समाजाचा आधार तुटलेला आणि अमेरिकेतील हमीची मुदत संपत आलेली, अशा काळात मध्य प्रांतातील १८९६-९७ च्या दुष्काळातून त्यांनी अनाथ मुली व विधवा आणण्यास आरंभ केला. व्यवहारी माणसाने अशा वेळी माणसे कमी केली असती, रमाबाईंनी वाढवली. केडगावचे ‘मुक्ती’ यातून उभे राहिले.

१९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मनिवेदनात, ब्रिस्टल येथे अनाथगृहे चालवणाऱ्या जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा आपल्यावर झालेला परिणाम त्यांनी नोंदवला आहे. म्यूलर कोणापाशी पैसे मागत नसत, प्रार्थना करीत, आणि आलेल्या देणग्यांचा हिशेब काटेकोरपणे ठेवून प्रसिद्ध करीत. यातील प्रार्थना सर्वांच्या लक्षात राहते. हिशेबाची वही राहत नाही. रमाबाईंनी दोन्ही घेतल्या. ‘मुक्ती’त प्रार्थना होती, तशी शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. पाण्यासाठी विहिरी खोदल्या गेल्या. मूळ हिब्रू व ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील मुलींनीच छापले. ‘खाटल्यावरी’ देणाऱ्या हरीची म्हण येथे निरुत्तर होते, कारण या संस्थेत खाटल्यावर बसलेले कोणी दिसत नाही.

रमाबाईंविषयीच्या आपल्या लेखनात मात्र एक विचित्र विभागणी आढळते. ‘स्त्रीधर्मनीति’ आणि अमेरिकेच्या प्रवासवर्णनाच्या रमाबाई विचारवंत म्हणून गौरवल्या जातात. केडगावच्या रमाबाई ‘पुढे धर्माकडे वळल्या’ अशा वाक्याने निकालात काढल्या जातात. जणू बुद्धी पुण्यात राहिली आणि केडगावला केवळ भक्ती गेली. शेकडो निराधार मुलींच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी घेणे आणि ती वर्षानुवर्षे निभावणे यात बुद्धी नसेल, तर बुद्धीची आपली व्याख्याच तपासावी लागेल.

७

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की श्रद्धेच्या साहित्याला घरखर्चाचे माप लावणे म्हणजे त्याचे क्षुद्रीकरण होय. याचे उत्तर त्या साहित्यातच आहे. ज्या प्रार्थनेत देवाच्या राज्याच्या पाठोपाठ भाकर येते, ती प्रार्थना भाकरीला क्षुद्र मानत नाही. मग समीक्षकाने का मानावे? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळ्यांचा भरवसा फळाला येत नाही. रमाबाईंच्या आईवडिलांचा आला नाही. त्या दुष्काळांत प्रार्थना करीत मेलेल्या असंख्य माणसांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. आपण वाचतो ती वाचलेल्यांची लेखने. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि कोणत्याही साहित्यविचाराने त्याचे पूर्ण निराकरण होईल असे मला वाटत नाही. एवढेच म्हणता येईल, की रमाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघींनीही भूक दृष्टिआड करून भरवशाची भाषा वापरलेली नाही. त्या भुकेच्या बाजूने बोलतात, म्हणून त्यांचे शब्द हलके वाटत नाहीत. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. तरी या भाषेतील सचोटी ओळखण्यासाठी त्या धर्मात असणे आवश्यक आहे, असे त्याला वाटत नाही.

२०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले, तेव्हा ख्रिस्ती मराठी साहित्याची परंपरा काही दिवस चर्चेत आली. ती चर्चा ओसरली. अभ्यासक्रमांत ही परंपरा अजूनही ‘मिशनऱ्यांची भाषासेवा’ या मथळ्याखाली, व्याकरणे, कोश आणि ‘ज्ञानोदय’ यांच्या यादीत आढळते. सेवा मोजली जाते, आशय वाचला जात नाही. ‘स्मृतिचित्रे’ तेवढे सर्वांना प्रिय आहे, आणि तेही त्यातील श्रद्धा वगळून. माझी सूचना साधी आहे. पदव्युत्तर वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकवताना तुकोबा–जिजाईच्या कथा, टिळकांची कविता आणि रमाबाईंचे आत्मनिवेदन यांच्यासह ते शिकवावे, आणि प्रत्येक पाठाला एकच प्रश्न विचारावा: येथे भरवसा कोण ठेवतो, आणि त्याचा भार कोण वाहतो? भरवसा ठेवणारा आणि भार वाहणारा जेथे एकच आहे, तेथे केडगाव उभे राहते. जेथे ते दोघे वेगळे आहेत, तेथे जिजाईच्या कथा होतात. आणि भार वाहणारीने तो ओळखून, हसून, शेवटी आपलासा केला, तेथे ‘स्मृतिचित्रे’ लिहिले जाते.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर द्यायचे झाले, तर मी असे म्हणेन: टिळकांचा भरवसा देवावर होता, टिळकांच्या घराचा भरवसा लक्ष्मीबाईंवर होता, आणि लक्ष्मीबाईंचा भरवसा कोणावर होता हे कळण्यासाठी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून, या वेळी न हसता नव्हे, पण आपण कोठे आणि का हसलो याची नोंद ठेवीत वाचावे लागेल.